मसुराची नऊ घरं

१

वेधशाळेच्या तळमजल्यावर मोजणीची खोली होती. तिथे रोज सकाळी साडेनऊला काम सुरू व्हायचं, आणि ते मसुरापासूनच सुरू व्हायचं. मसूर म्हणजे उत्तरेच्या आकाशातली एक दीर्घिका. यादीत तिला लांबलचक क्रमांक होता, पण तो उच्चारायला वेळ कुणाला आहे? भिंगाच्या आकाराची, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, आणि आपल्याला दिसते ती नेमकी कडेने. कुणीतरी कधीतरी तिला मसूर म्हटलं आणि तेच चिकटलं. तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत. वायू संपला, गडबड संपली, आता नुसती जुन्या ताऱ्यांची म्हातारी वस्ती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणूनच तिला कामाला जुंपलं होतं.

काम असं, की साठ वर्षांत दुर्बिणीने काचांवर घेतलेले उत्तरेच्या आकाशाचे फोटो एकेक करून मोजायचे. प्रत्येक काचेवर बारा वस्तू, आणि पहिली मसूर. ती कधी बदलत नाही, तेव्हा तिची जाडी बरोबर आली म्हणजे बघणाऱ्याचा डोळा ठीक. जाडी नऊ घरं. घर म्हणजे यंत्राच्या पट्टीवरच्या दोन रेघांमधलं अंतर. आठ आली तरी चालायचं, दहा आली तरी चालायचं. त्याबाहेर लागोपाठ तीन दिवस गेलं, की बघणाऱ्याला खुर्ची सोडावी लागायची.

आणि दुसरा नियम त्याहून कडक. बघणाऱ्याने लिहायचं नाही, लिहिणाऱ्याने बघायचं नाही. कालचा आकडा दिसला की माणूस आजही तोच बघतो, म्हणून दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने पत्रकात लिहायचा, तोही पेन्सिलीने, कारण शाईचा थेंब काचेवर उडाला तर काच गेली. बघायला अण्णा होते, एकतीस वर्षं. लिहायला चार वर्षांपासून त्यांची मुलगी होती. तिला सगळे बबी म्हणायचे, ती चाळिशीला आली तरी.

"बबे, तुझी पेन्सिल उंदरासारखी कुरतडते," अण्णा यंत्राच्या नळीवरून डोळा न काढता म्हणायचे. "जरा मऊ शिशाची आण."

बबी दर आठवड्याला आणते म्हणायची आणि विसरायची. तेवढी एक गंमत सोडली तर खोलीत दिवसभर दुसरा आवाज नसायचा.

२

एका सोमवारी अण्णा म्हणाले, "मसूर, अकरा."

बबीने लिहिलं अकरा. मंगळवारी परत अकरा. बुधवारी बारा. तिची पेन्सिल थांबली. उरलेल्या अकरा वस्तू मात्र चोख, एकही घर इकडचं तिकडे नाही. सगळ्यांत सोपी, सगळ्यांत ठसठशीत वस्तू, आणि घोडं अडायचं ते तिथेच. तिला अण्णांचा असा राग आला की विचारू नका. एकतीस वर्षं जे झोपेतही सांगितलं असतं, ते आता चुकवायचं म्हणजे काय?

पत्रकं शनिवारी प्रमुखबाईंकडे जायची. प्रमुखबाई मोजणीच्या मुख्य, आणि कागदाच्या बाबतीत महाकर्दनकाळ. रकाना पुसट दिसला की चिठ्ठी, तारीख तिरकी पडली की चिठ्ठी. त्यांना तीन दिवसांचं अकरा-अकरा-बारा दिसलं असतं, तर सोमवारी अण्णांच्या जागी वरच्या मजल्यावरचा कुणी चष्मिस बसला असता. आणि अण्णांना खुर्चीवरून उठवलं तर अण्णा घरी करणार काय? आई गेल्यापासून ते दोनच गोष्टींवर जगत होते, दुपारचा चहा आणि ही नळी. निवृत्तीचं वय उलटूनही त्यांना ठेवलं होतं ते डोळ्याच्या जोरावर. तोच गेला म्हणजे सगळंच आटोपलं.

बबीने खोडरबर घेतला. तिन्ही दिवसांचे आकडे पुसले आणि तिन्ही ठिकाणी नऊ लिहिला. कुणाचं काय बिघडणार होतं? मसूर काही तक्रार करायला येणार नव्हती.

त्यानंतर तिला सवयच लागली. अण्णा म्हणायचे तेरा, ती लिहायची नऊ. अण्णा म्हणायचे चौदा, ती लिहायची नऊ. चिठ्ठी आली नाही. उलट प्रमुखबाईंनी एकदा जिन्यात थांबवून अण्णांच्या डोळ्याचं कौतुक केलं, आणि बबीला ओशाळल्यासारखं झालं.

३

घरी वेगळाच ताप. डॉक्टरकडे चला म्हटलं की अण्णा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मोतीबिंदू असेल, साधी गोष्ट आहे, अर्ध्या तासाचं काम, सगळे करतात, असं बबीने दहा वेळा सांगून पाहिलं, गोडीत सांगितलं, चिडून सांगितलं. शेवटी हात टेकले. अण्णांचं म्हणणं एकच, की मला सगळं स्वच्छ दिसतंय.

"मग जाड का दिसते?"

"वळतेय म्हणून," अण्णा म्हणाले. "ताटली कडेने धरली की रेघ दिसते. जरा कलती केली की पोट दिसायला लागतं. लांबी तेवढीच, जाडी वाढते."

बबीचं डोकंच फिरलं. अहो, तिच्याकडून उजेड निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी नव्हता. तिला एवढंसं वळायलाही कोट्यवधी वर्षं लागतील. आणि समजा वळली, तरी काचा जुन्या आहेत ना? साठ वर्षांपूर्वीचा फोटो आज कसा वळेल? कालच्या काचेवर चौदा आणि साठ वर्षं जुन्या काचेवरही चौदा, याचा अर्थ फरक काचेत नाही, डोळ्यात आहे. शेंबडं पोर सांगेल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली, आणि परत वर्तमानपत्र वर केलं.

त्याच सुमाराला तिने आणखी एक पाहिलं. दुपारी, सुट्टीच्या दिवशी, अण्णा उत्तरेच्या खिडकीशी उभे होते. हात सरळ ताणलेला, अंगठा वर, एक डोळा मिटलेला. समोर शेजारच्या इमारतीची गच्ची, पाण्याची टाकी आणि वर लख्ख उन्हाचं आभाळ. काय मोजताय, असं तिने विचारलं. काही नाही, म्हणाले, आणि हात खिशात घातला. पुढच्या रविवारी ते तिथेच उभे होते. या वेळी अंगठा नव्हता, पूर्ण पंजा होता.

सोमवारी नळीवर डोळा लावून अण्णांनी यंत्राचा स्क्रू दोनदा पुढे-मागे फिरवला.

"सोळा," म्हणाले. मग सावकाश, "खुणेचा तारा दिसत नाही."

मसुराच्या पोटाशी, जरा अंतरावर, एक ठळक तारा होता. काच सरळ बसली की नाही ते त्याच्यावरून बघायचं, म्हणून तो खुणेचा. पत्रकात त्याच्यासाठी एक चौकोन होता, दिसला की बरोबरची खूण करायची. बबीने विचारलं, दिसत नाही म्हणजे?

"म्हणजे झाकला. ती त्याच्यावरून आलीय."

आता मात्र हद्द झाली. तो तारा आपल्या शेजारचा, आपल्याच दीर्घिकेतला. मसूर त्याच्या कितीतरी मागे. लांबचा डोंगर कधी अंगणातल्या झाडाच्या पुढे येतो का? बबीने ओठ आवळून खूण केली, नऊ लिहिला, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णांना विचारलंसुद्धा नाही.

४

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि बडबड्या. अण्णांच्या डोळ्यांत उजेड टाकून, भिंगं बदलून, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्यांनी बघितलं. सगळ्यांत खालची ओळ अण्णांनी उजव्या डोळ्याने घडाघडा वाचली. वर विचारलं, खाली छापखान्याचं नावही आहे, तेही वाचू का? डॉक्टर बाई हसल्या. बबीला हसू आलं नाही.

मोतीबिंदू होता, पण नखाएवढाही नाही, असं डॉक्टर बाईंचं म्हणणं पडलं. दोन वर्षं थांबलं तरी चालेल. बबीने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पत्रकाचं सोडून. डॉक्टर बाईंनी खांदे उडवले. अशाने वस्तू धूसर दिसेल, जाड नाही. आणि बारातली एकच जाड, बाकी सगळ्या जागच्या जागी, असा मोतीबिंदू त्यांनी अजून पाहिलेला नव्हता.

तरी बबीने ऑपरेशनचा हट्ट धरला. तिला हे प्रकरण एकदाचं संपवायचं होतं. डोळ्यातलं भिंग बदललं की मसूर परत नऊ घरांची होईल, आपलं खोटं लिहिणं थांबेल आणि अण्णा अण्णांच्या जागी राहतील, एवढं साधं गणित होतं. अण्णांनी नाही म्हटलं नाही. पट्टी बांधून घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या त्यांनी फक्त एक विचारलं, उत्तरेची खिडकी बंद आहे ना? बबी म्हणाली, आहे. ती उठून बघायला गेली नाही, आणि रात्रभर तिला ते टोचत राहिलं.

५

दोन आठवड्यांनी कामावर परतायची परवानगी मिळाली, पण दीड महिना नळीला डोळा लावायचा नाही या अटीवर. प्रमुखबाईंनीच तोडगा काढला. तोपर्यंत बबीने बघावं, अण्णांनी लिहावं. काम थांबता कामा नये. आणि हो, रकाने स्वच्छ.

पहिल्या दिवशी बबी काच आणायला कपाटाकडे गेली आणि परत येऊन बघते तर अण्णा जुन्या खुर्चीत. टेबलावर रजेआधीची काच तशीच राहिली होती. सवयीने बसले होते की मुद्दाम, देव जाणे. नवीन भिंग घातलेला डोळा नळीला लावलेला.

"बावीस," ते म्हणाले. बरं वाटावं असं काहीच त्या आवाजात नव्हतं.

बबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठा म्हणून ती ओरडलीच. ऑपरेशन झालं, औषधं झाली, तिची रजा गेली, झोप गेली, आणि पाढे पंचावन्न. अण्णा निमूट उठले. तिने काच बदलली, खुर्ची ओढली आणि चार वर्षांत पहिल्यांदा नळीला डोळा लावला.

मसूर समोर होती. काचेवर आभाळ पांढरं आणि तारे काळे दिसतात, तशी काळी, रेखीव, टोकांना निमुळती. खुणेचा तारा जागच्या जागी, मधे मोकळी जागा. तिने स्क्रू फिरवून नळीतली मोजायची बारीक तार एका कडेला लावली, दुसऱ्या कडेला लावली, घरं मोजली. परत मोजली.

"नऊ," ती म्हणाली. तिला रडू यायचंच बाकी होतं. "अण्णा, नऊच आहे. तारापण आहे. बघा, तुमचंच काहीतरी होतंय."

पाठीमागे पेन्सिल कुरकुरली. मग अण्णा म्हणाले, "पहिल्या दिवशी मलाही नऊच होती, बबे."

६

चौथ्या दिवशी दहा आली. दहा चालते. बबीने स्वतःला समजावलं, नवीन हात आहे, स्क्रू जरा पुढे गेला असेल. आठवड्याने अकरा. तिने काच काढून पुसली, परत लावली, अकरा. दुसरी काच, अकरा. कपाटातली सगळ्यांत जुनी काच, अकरा. बाकीच्या वस्तू चोख. मग बारा.

ती मनाशी कारणं काढत राहिली. घरातली गोष्ट डोक्यात बसली की माणसाला तेच दिसतं. म्हणूनच तर तो पाठीला पाठ लावायचा नियम. चार महिने आपण अण्णांच्या तोंडून वाढते आकडे ऐकले, आता आपणही तेच बघतोय. हे पटण्यासारखं होतं. फक्त आकडे सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला.

एका दुपारी ती घरी ओट्याशी कप विसळत होती. तिथली छोटी खिडकी उत्तरेलाच होती. नळ वाहतोय आणि हातात कप नाही, हे तिच्या लक्षात आलं. उजवा हात ताठ पुढे होता, अंगठा वर, डावा डोळा मिटलेला. किती वेळ, कुणास ठाऊक. बाहेर नेहमीचंच, गच्ची, टाकी, पांढरं पडलेलं ऊन. अंगठ्याने टाकीच्या वरचं आभाळ झाकलं होतं. तिथे काही नाही हे बघायला अंगठा फक्त बाजूला घ्यायचा होता. तिला ते जमलं नाही. हात तसाच वर धरून ती पावलापावलाने मागे सरकली, दारातून बाहेर आली, आणि मगच हात खाली घेतला. तिला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली.

आता तिची खरी अडचण वेगळीच होती. बारा, बारा, बारा असे तीन दिवस होऊन गेले होते. नियमाप्रमाणे तिला उठवायला हवं होतं. खरं सांगायचं तर ती त्याचीच वाट बघत होती. चिठ्ठी येईल, प्रमुखबाई विचारतील, मग आपण सगळं ओकून टाकू, अण्णांचे आकडे, आपला खोडरबर, सगळं. नोकरी गेली तर गेली. दुसरा कुणीतरी बघेल आणि या भानगडीचा छडा लागेल. पण शनिवार गेला, सोमवार गेला, चिठ्ठी नाही. ठिपका पडला तरी पत्रक परत पाठवणारी बाई, आणि आताच हिला दिसत नाही? बबीला संताप संताप झाला. तेरा आली, चौदा आली, पंधरा आली, तरी वरून चिठ्ठी नाही.

अण्णा जेवायला गेले असताना ती जुन्या पत्रकांच्या खोलीत गेली. साठ वर्षांचे गठ्ठे होते. आधीच्या कुणालाही असं झालं असेल तर तिथे सापडणार, असं तिच्या मनात आलं. तिने एक गठ्ठा सोडला, दुसरा सोडला, मग एकेक करून सगळे चाळत गेली. वेगवेगळी अक्षरं, काही वळणदार, काही कोंबडीचे पाय. मसुराच्या रकान्यात नऊ. नऊ. नऊ. साठ वर्षं नऊ.

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष आपल्या दोघांच्याच डोक्यात. ती गठ्ठा बांधायला लागली आणि गाठ मारता मारता तिचे हात थांबले. बाकीच्या वस्तूंचे आकडे कधी एक पुढे, कधी एक मागे होते, कारण माणसाचा हात आहे, थोडा तरी हलणारच. एकट्या मसुराच्या रकान्यात साठ वर्षांत एकदाही आठ नव्हता. एकदाही दहा नव्हता. असा सरळसोट रकाना तिने आधी एकदाच पाहिला होता, तिने स्वतः भरलेला.

७

ती परतली तेव्हा अण्णा पत्रक पुढ्यात घेऊन बसले होते, भिंतीकडे तोंड करून. दुपारच्या कामाला पहिली काच लावलेली होती. बबीने दार लोटून घेतलं. खुर्चीत बसली, पाठीला पाठ लागली. अण्णांची पाठ आता किती हाडकुळी झाली आहे ते तिला सदऱ्यातूनही जाणवलं.

तिने डोळा लावला.

मसूर आता रेघ राहिली नव्हती. पोट आपल्याकडे कललं होतं, आणि कडेच्या पट्ट्याच्या पलीकडचं, इतके दिवस आडोशाला असलेलं, थोडंसं दिसायला लागलं होतं. काचेवर ते काळं दिसायला हवं होतं, बाकी सगळ्यासारखं. ते काळं नव्हतं. त्याला नाव देण्याआधीच तिची नजर खुणेच्या ताऱ्याकडे पळाली. तारा नव्हता. मसुराची कड त्याच्यावरून पुढे गेली होती.

"सोळा," बबी म्हणाली. मुद्दाम मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. "खुणेचा तारा नाही."

आणि मग तिने कान दिला. चार वर्षं त्या खोलीत बसून तिने कधी ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता. लिहिणाऱ्याला काय ऐकायचं असतं? पण बघणाऱ्याला दिवसभर तेवढंच ऐकू येतं. एक काढायचा, पेन्सिल उचलायची, सहा काढायचा, असा आवाज यायला हवा होता. पेन्सिल एकदाच वळली आणि थांबली. थोड्या वेळाने चौकोनात एक छोटी खूण झाल्याचा आवाज आला.

तिला ते सगळे महिने आठवले. अण्णा म्हणायचे तेरा, आणि तिची पेन्सिल एकदाच वळायची. अण्णा म्हणायचे सोळा, पेन्सिल एकदाच. उंदरासारखी कुरतडणारी पेन्सिल. मऊ शिशाची आण, हे अण्णा कधीपासून म्हणायचे बंद झाले होते? त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. लेक आपली खुर्ची वाचवतेय म्हणून ते गप्प बसले आणि खरे आकडे हवेत सांगत राहिले, रोज, एकटे. आता ते तिची खुर्ची वाचवत होते.

"अण्णा," ती म्हणाली, "सोळा लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"प्रमुखबाईंना खरं सांगायला हवं. कुणीतरी लिहायला हवं, अण्णा."

मग अण्णांची पाठ तिच्या पाठीला जरा जास्त टेकली, लहानपणी ताप आला की ते उशाशी टेकून बसायचे तशी.

"तुला उठवतील," ते म्हणाले. "आणि त्या जागी दुसऱ्या कुणाची तरी पोर बसवतील."

तिने मागे वळून पत्रक बघायला हवं होतं. पेन्सिल हिसकावून घ्यायला हवी होती. इतक्या दिवसांचा राग साचला होता आणि तो कुणावर काढायचा ते तिला कळेना, अण्णांवर, की स्वतःवर, की त्या गठ्ठ्यांमधल्या मायाळू माणसांवर. नळीतून पुसटसा उजेड तिच्या गालावर पडत होता. तिने परत डोळा लावला, कारण एवढ्यात तरी काही बदललं नसेल याची तिला खात्री करून घ्यायची होती.

तार मघाच्या जागीच होती. मसुराची कड तिच्या पुढे गेली होती.

"सतरा," बबी म्हणाली.

पेन्सिल एकदाच वळली आणि थांबली.

"पुढचं सांग," अण्णा म्हणाले.